वचनातली जमीन : एका युक्रेनियन खेड्याची कहाणी
(भाषणाचा मजकूर)



युक्रेनच्या खेरसोन प्रांतात, नीपर नदीच्या उजव्या तीरावर, बेरिस्लाव शहराजवळ झ्मीइव्का नावाचे एक खेडे आहे. सभोवार सपाट, वृक्षहीन गवताळ प्रदेश. जमीन सुपीक, पण पाऊस बेताचा. शेजारच्या जर्मन वस्तीचे श्लांगेनडॉर्फ, म्हणजे सापांचे गाव, हे नाव भाषांतरित होऊन साऱ्या खेड्याला लागले. त्याचा सर्वांत जुना भाग मात्र गामल्स्वेन्स्कबी, म्हणजे ‘जुने स्वीडिश गाव’, या नावाने ओळखला जाई. बाल्टिक समुद्रापासून इतक्या दूर स्वीडिश शेतकरी आले कसे?

एस्टोनियाच्या किनाऱ्यालगतच्या डागो बेटावर हे शेतकरी राहत. स्वीडनच्या राजवटीत मिळालेले स्वतंत्र कुळांचे हक्क ते सांगत. रशियन अमलाखालील जमीनदार काउंट स्टेनबॉक यास ते मान्य नव्हते. हा तंटा चालू असताना सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने त्यांना दक्षिणेत जमीन देऊ केली. ही जमीन ‘मोकळी’ होती, कारण १७७५ मध्ये तिच्याच सैन्याने झापोरोझियन कोसॅकांचे ठाणे उद्ध्वस्त केले होते. एकाकडून हिरावलेले दुसऱ्यास दान देणे, ही राजसत्तेची जुनी रीत होय.

सुमारे एक हजार माणसे पायी निघाली. वाटेत अनेक दगावली. १७८१ मध्ये उरलेले नीपरकाठी पोचले, तेव्हा आश्वासन दिलेली घरे बांधलेलीच नव्हती. चर्चच्या नोंदींनुसार १७८३ मध्ये अवघी १३५ माणसे जिवंत होती. त्यांच्याच वंशजांनी पुढे शेती उभी केली, भाषा जपली आणि १८८५ मध्ये चर्च बांधले.

क्रांतीनंतर प्रश्न सुटावयास हवा होता. तो सुटला नाही. १९२९ मध्ये सुमारे ८८० गावकरी स्वीडनला गेले. तेथे त्यांना एकत्र जमीन मिळाली नाही, कुटुंबे पांगली. दोन-अडीचशे माणसे परतली आणि त्यांच्या सामुदायिक शेतीला स्वीडनच्या कम्युनिस्ट पक्षाचे नाव देण्यात आले. परंतु किती धान्य सरकारजमा व्हावे, हे गाव ठरवीत नव्हते. १९३२-३३ च्या दुष्काळाने पाटीवरचे नाव पाहून गावाला वगळले नाही. १९४३ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावकऱ्यांना जर्मनीकडे नेले. युद्धानंतर त्यांतील कित्येकांची रवानगी कोमी प्रदेशातील छावण्यांत झाली.

पुढे १९५० च्या दशकात काखोव्का धरणाचा जलाशय गावापाशी आला. ६ जून २०२३ रोजी धरण फुटले आणि तो ओसरला. २०२२ मध्ये रशियन सैन्याने गाव व्यापले होते. नोव्हेंबरात ते मागे हटले आणि नीपर नदी हीच युद्धरेषा बनली. गाव तोफांच्या माऱ्यात सापडले.

सम्राज्ञीने जमीन दिली, राज्याने ती सामुदायिक केली, सैन्यांनी ती तुडवली. मालकीचे रूप प्रत्येक वेळी बदलले. निर्णयाचा अधिकार मात्र कसणाऱ्याच्या हाती कधी आला नाही. समाजवाद्याने या खेड्यापासून घ्यावयाचा धडा हाच. जमीन कोणाच्या नावावर आहे, एवढे विचारून भागत नाही. तिच्याविषयीचा निर्णय कोठे आणि कोण घेतो, हेही विचारावे लागते. हा दुसरा प्रश्न न विचारता केलेली जमीनवाटणी, ती कोणत्याही झेंड्याखाली होवो, अखेर वचनच राहते.