हातात पांढरी काठी, कानात रस्ता

लातूर आणि नांदेडकडच्या गावांत बचत गटांच्या बैठका घेत मी फिरते. हजेरी घेताना एखाद्या नावाला हमखास उत्तर येतं, "तिला दिसत नाही ना, तिनं बचत जावेकडं दिलीय." म्हणजे पैसे येतात, बाई येत नाही. कर्जाच्या कागदावर अंगठा मात्र तिचाच लागतो. का येत नाही विचारलं की म्हणतात, सोबतीला कुणी मोकळं नाही. आज त्या सोबतीबद्दलच बोलायचंय.

आपल्या घरात जो अँड्रॉइड फोन असतो, त्यात बहुतेक वेळा 'टॉकबॅक' नावाची सोय आधीच असते. विकत घ्यावी लागत नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन ती चालू करायची. मग पडद्यावर बोट टेकवाल ते फोन वाचून दाखवतो. उघडायचं असेल तर पटकन दोनदा टेकवायचं. बोट उजवीकडं सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो. मराठी आवाजही मिळतो. पहिले आठ-दहा दिवस वैताग येतो, येऊ द्या. डोळस माणसाच्या हातून ही सोय चुकून चालू झाली, तर फोन बिघडला म्हणून ते दुकान गाठतं; पण नजर नसलेल्या बाईला हाच फोन पहिल्यांदा आपला वाटतो.

आता नकाशा. आपण कुठं आहोत हे फोनला आकाशातल्या उपग्रहांकडून कळतं. त्याला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशासाठी, आणि तोही गूगल मॅप्समध्ये आधी उतरवून ठेवता येतो. पण उतरवलेल्या नकाशावर गाडीचा रस्ता मिळतो, पायी जायचा नाही. पायी जायचं तर नेट हवंच.

याचा खरा उपयोग एसटीत होतो बरं का. लातूरहून नांदेडला निघालं की चाकूर, अहमदपूर, लोहा अशी गावं लागतात. मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं अर्धंच तिकीट आहे, पण ज्या बाईला पाटी दिसत नाही तिला अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? उतरायचं गाव आलं का, हे ती कंडक्टरला दहा वेळा विचारते. तो गर्दीत विसरला की बाई पुढच्या गावात. आमच्या एका गटातल्या ताई जन्मापासून नजर नसलेल्या आहेत. त्या अहमदपूरला गाडीत बसल्या की फोनला 'लोहा' सांगतात, एका कानात इअरफोन घालतात आणि किती किलोमीटर राहिलं ते ऐकत बसतात. स्टँड जवळ आलं की पिशवी आवरून दाराशी. माहेरी एकट्या जातात त्या आता.

एका कानात म्हटलं, ते मुद्दाम. दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा हवा. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचा अंदाज साधारण ५ मीटरनं चुकतो, उंच इमारतींच्या मधल्या बोळात जास्तच. ५ मीटर म्हणजे रस्त्याची ही कडा की ती कडा! शिवाय उघडी नाली, आडवी लावलेली मोटारसायकल, पाइपलाइनसाठी कालच खोदलेला चर, यातलं फोनला काहीच ठाऊक नसतं. ते पांढऱ्या काठीलाच कळतं. फोन आला म्हणून काठी कोपऱ्यात ठेवायची नाही. फोन हातात धरून चालू नये. दोरीनं गळ्यात अडकवावा, एक हात काठीला, एक मोकळा.

घरच्यांना भीती वाटते, ती खोटी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लाइव्ह लोकेशन' पाठवता येतं, १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास. घरच्यांना ती कुठवर पोचली ते दिसतं. पण ते तिनं तिच्या मर्जीनं पाठवावं. बाईवर पाळत ठेवायला आपल्याकडं आधीच पुष्कळ डोळे आहेत.

एक अडचण मात्र आपणच सोडवू शकतो. गूगलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये नजर नसलेल्यांसाठी पायी चालतानाच्या जास्त बारकाईच्या सूचना आणल्या, त्या पहिल्यांदा अमेरिकेतल्या इंग्रजीत आणि जपानीत. टोकियोतला रस्ता नकाशात बारकाईनं असतो. आपल्या वस्तीची गल्लीच नसते, मग फोन सांगणार काय? गटातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीनं फोन घेऊन त्या ताईसोबत गावातून चालावं. अंगणवाडी, रेशन दुकान, दवाखाना, बँक, बैठकीची जागा, जिथं जाल तिथं थांबून नकाशावर बोट दाबून धरलं की खूण पडते, ती जतन करायची. नकाशात नसलेली जागा 'जागा जोडा' मधून पाठवताही येते. खुणेसोबत 'प्लस कोड' नावाचा छोटा पत्ता येतो, घर नंबर नसलेल्या वस्तीत तो फार कामाचा.

खुणांची नावं तिलाच विचारून ठेवा. आपण 'पाटलाचा वाडा' म्हणू, तिच्यासाठी ती जागा 'गिरणीचा आवाज येतो तो कोपरा' असेल. आणि पहिल्या चार-पाच फेऱ्यांना कुणीतरी तिच्या दोन पावलं मागं चाला, हात न धरता.