ग्रंथाची साक्ष आणि बिशपचे गणित
(अभ्यासवर्गातील भाषण)



धर्मग्रंथात अमुक लिहिले आहे, एवढ्यावरून ते खरे मानावे काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रंथनिष्ठ धर्मापुढे केव्हा ना केव्हा उभा राहिला आहे. आपल्याकडे त्याची चर्चा शब्दप्रमाण या नावाने झाली. नैयायिकांनी आप्ताचे, म्हणजे जाणत्या व विश्वासू माणसाचे, वचन प्रमाण मानले. तेव्हा अमुक मनुष्य आप्त कशावरून, हे विचारायला त्यांच्याजवळ निदान जागा होती. मीमांसकांनी तीही ठेवली नाही. वेदाला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोषही त्यात नाहीत, असे सांगून त्यांनी वादाचे दारच लावून घेतले. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातही हा वाद अनेकदा झाला. त्यातील एक अतिशय बोधप्रद प्रकरण दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत, एका बिशपच्या अभ्यासिकेत सुरू झाले. गांधीजींच्या सार्वजनिक आयुष्याचा प्रारंभ पुढे ज्या वसाहतीत झाला, तीच ही.

जॉन विल्यम कोलेन्सो यांचा जन्म १८१४ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. तशातच शिकून ते केंब्रिजला गेले आणि १८३६ साली गणिताच्या परीक्षेत दुसरे रँग्लर झाले. परांजप्यांमुळे हा शब्द आपल्या चांगला परिचयाचा आहे. अंकगणित व बीजगणित यांवरची त्यांची पाठ्यपुस्तके इंग्लंडमधील शाळांतून दीर्घकाळ चालली. १८५३ साली नाताळचे पहिले बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली. पीटरमारित्झबर्गजवळ त्यांनी आपले ठाणे वसविले व त्याला झुलू भाषेत एकुखान्येनी, म्हणजे प्रकाशाचे स्थान, असे नाव दिले. झुलू भाषा शिकून त्यांनी तिचे व्याकरण लिहिले, कोश रचला आणि बायबलचे भाषांतर हाती घेतले. लोक त्यांना 'सोबांटू', लोकांचा पिता, म्हणू लागले.

या भाषांतरात त्यांना साहाय्य करणारा विल्यम न्गिदी हा झुलू गृहस्थ ख्रिस्ती झालेला होता. नोहाच्या जलप्रलयाची कथा झुलू भाषेत उतरवीत असता त्याने बिशपसाहेबांना साधा प्रश्न विचारला: हे सारे खरोखर घडले काय? पृथ्वीवरच्या झाडून साऱ्या प्राण्यांच्या जोड्या एका तारवात शिरल्या, आणि त्या सर्वांना अन्न पुरविणे नोहाला शक्य झाले काय? प्रश्न विचारणारा मनुष्य निंदक नव्हता. ज्या ग्रंथावर त्याने आपले आयुष्य सोपविले होते त्याच ग्रंथाविषयी तो विचारीत होता. कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचलेले होते. साऱ्या पृथ्वीला एकाच वेळी बुडविणारा प्रलय कधी झाला नाही, हे त्यांना ठाऊक होते. मग देवाच्या नावाने या माणसाला असत्य सांगावे काय? असे करण्यास त्यांचे मन धजले नाही.

दुसरा एक प्रसंग याहूनही मर्मभेदक आहे. निर्गमाच्या पुस्तकात गुलामांसंबंधीचा एक नियम आहे. धन्याने गुलामाला काठीने मारले आणि गुलाम एकदोन दिवस जगून मग मेला, तर धन्याला दंड नाही; कारण गुलाम हे त्याचेच धन आहे, असा त्याचा आशय. हा मजकूर प्रथम ऐकताच भाषांतरास मदत करणाऱ्या एका ख्रिस्ती झुलूचे मन विटून उठले. सर्व माणसांचा दयाळू पिता एका माणसाला दुसऱ्याचे धन म्हणेल, हे त्याला पटेना. कोलेन्सोंनी ही आठवण स्वतःच नमूद करून ठेवली आहे. न्गिदीची शंका घटनेच्या सत्यतेविषयी होती; ही शंका न्यायाविषयीची होती. जी माणसे रानटी समजून सुधारायची म्हणून बिशपसाहेब आले होते, त्याच माणसांनी हे दोन्ही प्रश्न त्यांच्यापुढे ठेवले.

कोलेन्सो पुन्हा मूळ ग्रंथाकडे वळले आणि गणिताच्या शिक्षकाला शोभेल अशा पद्धतीने त्यांनी तो तपासला. मोशेचे पंचग्रंथ व यहोशवाचे पुस्तक यांच्या परीक्षणाचा त्यांचा पहिला खंड १८६२ साली लंडनला प्रसिद्ध झाला. पुढे १८७९ पर्यंत एकूण सात खंड निघाले. पहिल्या खंडात तत्त्वज्ञान फारसे नाही, हिशेब आहेत. याकोबाच्या घराण्यातील मिसरात गेलेली माणसे सत्तर. लेवी, कहाथ, अम्राम आणि मोशे अशा मोजक्या पिढ्या लोटल्यानंतर बाहेर पडलेल्यांत वीस वर्षांवरील पुरुषच ६,०३,५५० होते, असे गणनेचे पुस्तक सांगते. म्हणजे बायकामुले धरून वीस लाखांवर समुदाय झाला. दानाला मुलगा एकच, हूशीम. परंतु त्याच्या वंशातील लढाऊ पुरुष ६२,७००. प्रथम जन्मलेल्या मुलग्यांची नोंद २२,२७३ एवढीच. या दोन आकड्यांचा मेळ घालायचा तर प्रत्येक आईला चाळीसांहून अधिक मुलगे झाले असले पाहिजेत. एवढ्या समुदायाने निवासमंडपाच्या दारापुढे जमावे अशी आज्ञा. अंगणाची मापे मात्र शंभर हात लांब व पन्नास हात रुंद. पुराणांत सहस्र वर्षांचे तप आपण वाचतो आणि पुढे जातो. पण जो ग्रंथ स्वतः शिरगणतीचा आव आणतो, त्याची शिरगणती तपासली तर दोष कोणाचा?

या पद्धतीचे महत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. कोलेन्सोंनी ग्रंथाबाहेरचे शास्त्र आणून ग्रंथावर लादले नाही. ग्रंथातल्याच आकड्यांपुढे ग्रंथातलेच आकडे मांडले. सावकाराची वही खरी कशावरून, तर वहीत तसे लिहिले आहे म्हणून, हा युक्तिवाद आपला शेतकरी चांगला ओळखतो. अशा वेळी पहिले काम असते ते वहीतलीच पाने एकमेकांशी ताडून पाहण्याचे. साक्षीदार कितीही पूज्य असला तरी त्याची उलटतपासणी झाल्यावाचून त्याची जबानी पुरावा ठरत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे पोकळ होते असे मात्र समजू नये. पहिले उत्तर असे की, आकडे नकलकारांच्या हातून वाढले असतील. त्याने धर्माच्या गाभ्याला बाध येत नाही. हे उत्तर वाजवी आहे. पण ते देताच ग्रंथातील प्रत्येक अक्षर अचूक आहे हा दावा सुटतो. दुसरे उत्तर अधिक खोल होते. येशूने स्वतः मोशेच्या लेखनाचा उल्लेख केला आहे. ते लेखन मोशेचे नसेल तर येशूच्या ज्ञानाविषयीच शंका येते. यावर कोलेन्सोंनी म्हटले की, देवाच्या पुत्राने मनुष्यदेह घेतला असे आपण मानतो, तर त्या काळच्या मनुष्याच्या ज्ञानाची मर्यादाही त्याने घेतली असे मानायला हरकत काय? तिसरा मुद्दा असा की, सर्व इतिहासच साक्षीवर उभा आहे. मग प्रेषितांचीच साक्ष का नाकारावी? नाकारू नये, तपासावी. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची आपल्यापर्यंत आलेली सर्वांत जुनी लेखी साक्ष पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर सुमारे वीस-पंचवीस वर्षांनी ते लिहिले गेले. पहिल्या पिढीचा विश्वास काय होता याचा तो फार मोलाचा पुरावा आहे. पण जो विश्वास होता तशीच घटना घडली, हे त्या पत्राने सिद्ध होत नाही. ते अंतर श्रद्धाळू मनुष्य श्रद्धेने ओलांडतो. तसे करण्याचा त्याला अधिकार आहे. त्या उडीलाच पुरावा म्हणण्याचा मात्र नाही.

कोलेन्सोंवर आणखी एक टीका झाली आणि ती उदारमतवाद्यांच्या गोटातून आली. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी १८६३ साली असे प्रतिपादन केले की, अशा ग्रंथाने विद्वानांच्या ज्ञानात भर पडत नाही आणि सामान्यांच्या जीवनाला उन्नतीही मिळत नाही. मग तो लिहावाच कशाला? वरवर ही वाङ्मयीन टीका आहे. तिच्या मुळाशी मात्र, शहाण्यांना ठाऊक असलेले सत्य सामान्यांच्या कानी अवेळी घालू नये, ही जुनी वृत्ती आहे. श्रुतीचे शब्द कोणाच्या कानी पडावेत याविषयीचे निर्बंध आपल्या देशाने शतकानुशतके भोगले असल्याने ही वृत्ती ओळखायला आपल्याला वेळ लागू नये. कोलेन्सोंपुढचा प्रश्न तर एका सामान्यानेच विचारला होता.

धर्मसत्तेचा प्रतिसाद अपेक्षेप्रमाणेच आला. झुलूंचे मतपरिवर्तन करायला गेलेल्या बिशपचेच झुलूंनी मतपरिवर्तन केले, अशी त्यांची लंडनमध्ये टवाळी झाली. केपटाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ च्या अखेरीस त्यांच्यावर खटला चालवून त्यांना पदच्युत केले. १८६५ साली प्रिव्ही कौन्सिलने ग्रे यांना तसा अधिकार नसल्याचा निर्णय दिला, तेव्हा त्यांनी कोलेन्सोंना बहिष्कृत केले. १८६९ साली त्याच प्रदेशात दुसरा बिशपही आणून बसविण्यात आला. कोलेन्सो आपल्या जागी राहिले. त्यांनी धर्म सोडला नाही.

पण या कथेचा खरा अर्थ उलगडतो तो १८७३ नंतर. ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याच्या तरुणांनी किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत मजुरी करून बंदुका मिळविल्या होत्या. त्या सरकारात नोंदवाव्या असा हुकूम निघाला. प्रमुखाला बोलावणे आले. तो गेला नाही, आणि अखेर आपली माणसे घेऊन ड्रेकेन्सबर्ग पर्वताकडे निघाला. घाटात चकमक होऊन सरकारी पथकातील पाच जण मारले गेले. मग साऱ्या जमातीवर सूड उगविण्यात आला. जमीन व गुरे हिरावली गेली. १८७४ च्या आरंभी लांगालिबालेलेवर खटला झाला, तेव्हा ज्यांनी फौज पाठविली ते लेफ्टनंट गव्हर्नर पाइनच न्यायासनावर होते. मोकळेपणाने बचाव करील असा वकील आरोपीला मिळाला नाही. जन्मठेपेच्या हद्दपारीची शिक्षा देऊन त्याला रॉबेन बेटावर पाठविण्यात आले. नेल्सन मंडेला यांना पुढे १९६४ पासून १८ वर्षे जेथे ठेवले, तेच हे बेट.

एकुखान्येनीच्या बिशपने पुन्हा आपले जुने काम सुरू केले. सरकारी निरूपणात म्हटले होते की, लांगालिबालेलेच्या माणसांनी सरकारच्या दूताला नागवे करून त्याचा अपमान केला. कोलेन्सोंनी झुलू साक्षीदार शोधले, त्यांच्या भाषेत जबान्या घेतल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. तेव्हा निष्पन्न झाले ते असे की, शस्त्र लपविले आहे की काय हे पाहण्यासाठी दूताचे केवळ कोट उतरविण्यात आले होते. त्या धास्तीलाही कारण होते: १८५८ साली नाताळ सरकारच्या एका प्रतिनिधीने दुसऱ्या एका प्रमुखाला भेटीस बोलावून लपविलेली बंदूक बाहेर काढली होती, असे साक्षींतून दिसून आले. तो प्रतिनिधी म्हणजे जॉन शेपस्टोन; एतद्देशीयांच्या कारभाराचे सचिव आणि कोलेन्सोंचे वीस वर्षांचे स्नेही थिओफिलस शेपस्टोन यांचा भाऊ. मैत्री तुटली. गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष पत्करून कोलेन्सो १८७४ साली लंडनला गेले. परिणामी पाइन यांना परत बोलावण्यात आले आणि लांगालिबालेलेला बेटावरून मुख्य भूमीवर हलविण्यात आले. स्वतःच्या प्रदेशात मात्र तो १८८७ सालीच परतू शकला.

तंबूतल्या माणसांची मोजदाद करणारा कोलेन्सो आणि सरकारी अहवालातील असत्य उघडे पाडणारा कोलेन्सो यांच्यात अंतर नाही. पवित्र म्हणून बायबलची तपासणी टाळली नाही, तशी अधिकृत म्हणून सरकारी कागदाचीही टाळली नाही. ज्यांची साक्ष कोणी विचारीत नव्हते अशा माणसांचा प्रश्न एकदा ऐकून घेतल्यावर त्यांची जबानी ऐकणेही त्याला क्रमप्राप्त झाले.

१८७९ च्या जानेवारीत इसांडलवाना येथे झुलूंनी ब्रिटिश फौजेचा पराभव केला. वसाहतीत सुडाची भाषा सुरू झाली. मार्चमध्ये प्रार्थनेचा खास दिवस पाळण्यात आला, तेव्हा कोलेन्सोंनी प्रवचनासाठी मीखा संदेष्ट्याचे वचन निवडले: न्यायाने वागावे, दयेवर प्रीती करावी व देवासमोर नम्रतेने चालावे, या आशयाचे. झुलूंच्या देशावर स्वारी करताना यांपैकी आपण काय पाळले, असा प्रश्न त्यांनी आपल्याच लोकांना केला. शिरगणतीचा पुरावा म्हणून ज्या ग्रंथाला त्यांनी नापास केले, त्याच ग्रंथाचा हा उपयोग आहे. मीखाचे वचन खरे ठरायला चमत्काराची गरज नव्हती. ऐकणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धीच त्याची साक्ष देत होती.

कोलेन्सो १८८३ च्या जूनमध्ये वारले. त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, आणि अल्पावधीतच आपल्या गुरुभगिनींशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद जुंपला. चर्च सांगते म्हणून अमुक सिद्धान्त मान्य करा, हे त्यांना मानवेना. ब्राह्मणी ग्रंथसत्तेच्या जोखडातून सुटून आलेली ही विदुषी दुसरे जोखड मानेवर घेणार नव्हती. पुढे त्यांची श्रद्धा पुष्कळच ग्रंथनिष्ठ झाली, हे खरे. परंतु तेव्हाही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून न राहता त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. श्रद्धा आणि तपासणी एका माणसात नांदू शकतात.

म्हणून ग्रंथ पुरावा आहे काय, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. लिहिणाऱ्यांचा विश्वास, त्यांचा काळ व त्यांची समाजरचना यांचा तो पुरावा आहे. वर्णिलेल्या घटनांविषयी तो साक्षीदार आहे आणि त्याची उलटतपासणी झाली पाहिजे. माणसाने माणसाशी कसे वागावे, याविषयी ग्रंथात जे आहे ते, गुलामाचा नियम असो की मीखाचे वचन, न्यायबुद्धीच्या कसोटीला लावावे लागते.

ही शिस्त केवळ दुसऱ्याच्या ग्रंथाला लावायची नसते. समाजवादी चळवळीतही ग्रंथ आहेत, आचार्य आहेत आणि त्यांच्या वचनांवर वाद थांबविण्याची सवयही आहे. कामगार वस्तीतला किंवा खेड्यातला एखादा कार्यकर्ता जेव्हा पुढाऱ्याला विचारतो, "हे खरोखर असेच घडते काय?" तेव्हा त्याला संदर्भग्रंथाचे पान दाखवून गप्प बसविणे सोपे असते. न्गिदीलाही तसे गप्प बसविता आले असते. बिशपने तसे केले नाही आणि त्याची किंमत वीस वर्षे मोजली. एकुखान्येनीच्या शाळेत शिकलेल्या व तेथील छापखान्यात काम केलेल्या मागेमा फुझे यांनी आपल्या लोकांचा इतिहास झुलू भाषेत लिहिला. तो १९२२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहायचे असे ठरून गेले होते, त्यांची साक्ष आता त्यांच्याच लेखणीतून उतरली. तिचीही तपासणी व्हावी. पण ती आधी वाचली जावी.