गळ आणि जॅकेट



शाळा बुडवून नदीवर गळ टाकणारा मी आता टेक्सासच्या लेक फोर्कवर बास पकडतो. नोकरी गेली त्या वर्षी हाताशी जेमतेम ५०० डॉलर. ७ फुटी, मध्यम ताकदीचा रॉड आणि २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ घेतलं. बेटकास्टर नवख्याच्या हातात तंगुसाचा नुसता गुंता करतं. कयाक जुनीच, १० फुटी, वर बसायची. लाइफ जॅकेट मात्र टाळणार होतो. बायको म्हणाली, "अहो, रीळ साधं घ्या, पण जॅकेट आणा."

मार्चच्या गार पाण्यात कयाक उलटली. रॉड, रीळ तळाला गेलं. सर, पोहायला तुम्हीच शिकवलं होतंत. पण त्या गारठ्यात हात हलेनात.

नवं रीळ अजून घेतलेलं नाही.