न दुखणारा चट्टा

तंबाखूची गोळी गालात जिथे धरायची सवय असते, नेमका तिथेच पांढुरका चट्टा उमटतो. तो दुखत नाही, त्यातून रक्त येत नाही, जेवताना अडत नाही. त्यामुळे माणूस वर्षानुवर्षं त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. त्या चट्ट्यातल्या पेशींच्या गुणसूत्रांचं तोवर काय होत असतं, ते आज सांगायचं आहे.

कर्करोगाचं मूळ गुणसूत्रांच्या चुकीच्या वाटणीत असावं, असं थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ सालीच लिहिलं होतं. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हेदेखील तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. ते १९५६मध्ये ठरलं. तोंड, घसा आणि स्वरयंत्राच्या कर्करोगात हे बिघाड साधारण कोणत्या क्रमाने साचत जातात, ते १९९६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मांडलं. बहुधा सर्वांत आधी नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळतो. पेशीचं विभाजन आवरणारं पी-१६ जनुक तिथेच असतं. मग तिसऱ्या आणि सतराव्या गुणसूत्राची पाळी येते. सतराव्यावरचं पी-५३ जनुक डीएनएला इजा झालेल्या पेशीला थोपवून धरतं. तेही निकामी झालं की मोडक्या गुणसूत्रांची पेशी बिनदिक्कत वाढत राहते.

अकराव्या गुणसूत्राबद्दल जरा सविस्तर बोलतो. त्याच्या लांब भुजेवर पेशीला विभाजनाकडे ढकलणारं सायक्लिन डी-१चं जनुक असतं. ही भुजा तुटली की टोक उघडं पडतं. गुणसूत्राची नक्कल झाल्यावर अशी दोन उघडी टोकं एकमेकांना चिकटतात. विभाजनाच्या वेळी त्यांना दोन्हीकडून ओढ बसते, मधे पूल ताणला जातो आणि तुटतो. पण बरोबर मधोमध नाही. एका पेशीकडे त्या जनुकाच्या जादा प्रती जातात, दुसरीकडे कमी. पुढच्या विभाजनात पुन्हा तेच. पिट्सबर्गच्या सुझान गॉलिन यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींत हे पूल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आहेत. या मोडतोडीत भुजेच्या टोकाकडचा भाग अनेकदा गळून जातो. डीएनए तुटल्याची वर्दी देणारं एटीएम जनुक त्याच भागात असतं.

हे ज्ञान रुग्णाच्या किती उपयोगाचं? कॅनडातल्या मिरियम रोझिन यांनी २०००मध्ये सौम्य दिसणाऱ्या चट्ट्यांचा अभ्यास केला. ज्यांत तिसऱ्या किंवा नवव्या गुणसूत्राचा भाग गळाला होता, त्यांत कर्करोगाचा धोका ३.८ पट निघाला. त्यांच्या जोडीला इतर गुणसूत्रांचेही भाग गळाले असतील तर ३३ पट. सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसणारे चट्टे आतून इतके वेगळे होते! शिवाय बिघाड चट्ट्यापुरताच असतो असंही नाही. भोवतालची निरोगी भासणारी त्वचाही बिघडलेली असू शकते, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही त्याच तोंडात दुसरी गाठ उद्भवते.

घशाच्या काही कर्करोगांमागे एचपीव्ही विषाणू असतो. तिथे गुणसूत्रांचं चित्र वेगळं. आपल्याकडे मात्र तोंडाच्या कर्करोगामागे मुख्यतः तंबाखू आणि सुपारीच आहे. बिनतंबाखूचं पानही निर्धोक नाही. सुपारीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवलं आहे.

गळालेला तुकडा परत बसवणारं औषध आज नाही. म्हणून विनंती करतो: तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी आजच सोडा. घरी गेल्यावर आरशासमोर गाल ताणून, जीभ उचलून उजेडात पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतकं उघडत नसलं, किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांनी बायोप्सी सांगितली तर टाळू नका.