आधी लेथ की आधी मिलिंग?

रोबो बनवणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयात वर्कशॉप उभारायचे ठरले, की खरेदीच्या यादीत पहिले नाव बहुधा लेथचे पडते. लेथ ही साऱ्या यंत्रांची जननी, ही शिकवण कारखान्यापुरती योग्यच आहे. पण यंत्र निवडताना आधी घडवायचा जॉब पाहावा. रोबोच्या भागांची यादी समोर ठेवली, तर पहिला मान डिजिटल रीडआउट बसवलेल्या लहान उभ्या मिलिंग मशीनकडे जातो, असे माझे मत आहे.

2008 साली आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात झाली. तिचा विषयच गोविंदा होता: उंचावरच्या हंडीतले लोणी रोबोने काढायचे. अशा रोबोत अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, पट्ट्या, पत्रे आणि त्यांत पाडलेली भोकेच फार. शाफ्ट, स्पेसर, बेअरिंग, पुली हे गोल भाग बाजारात तयार मिळतात. योग्य जागी पडलेले भोक मात्र आपल्यालाच पाडावे लागते. समजा, हाताच्या सांध्यात 50 मिलिमीटर अंतरावर दोन बेअरिंग आहेत आणि त्यांतल्या एकाचे भोक अर्धा मिलिमीटर सरकले. एक मीटर लांब हाताच्या टोकाशी तीच चूक 10 मिलिमीटर होते. मॉड्यूल 1 चे, 20 आणि 60 दात्यांचे दोन गिअर घ्या. त्यांच्या केंद्रांतले अंतर 40 मिलिमीटर हवे. ते कमी पडले तर गिअर अडकतात आणि मोटर तापते, जास्त झाले तर सांधा खुळखुळतो. मग मुले प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात आणि दोष धातूत असतो.

स्क्रायबरने रेघ मारून, सेंटर पंच ठोकून पिलर ड्रिलवर भोक पाडले, तर सरावलेल्या हातालाही अशी चूक टाळणे अवघड जाते. शिवाय 608 क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास 22 मिलिमीटर. त्यासाठी एच7 मापाच्या भोकाला सूट मिळते ती फक्त 21 मायक्रॉनची. साध्या ड्रिलने ते भोक ना पुरेसे गोल होते, ना मापात येते. मिलिंग मशीनवर एज फाइंडरने जॉबची कड शोधावी, रीडआउट शून्यावर आणावा, आकडे पाहून टेबल सरकवावे आणि शेवटचा हात बोरिंग हेडने फिरवावा. जागा आणि माप दोन्ही एकाच पकडीत साधतात. पिलर ड्रिल तरीही हवेच, कारण बोल्टची शेकडो साधी भोके मिलिंगवर पाडणे म्हणजे वेळेचा नाश.

यावर कोणी म्हणेल, भोसरी-चाकणच्या पट्ट्यात लेसर कटिंग सहज होते, मग हा खर्च कशाला? सपाट पत्रे तिथून जरूर कापून आणावेत. पण स्पर्धेच्या तोंडावर रचना बदलते, तयार नळीत नवे भोक हवे असते, तेव्हा बाहेरच्या रांगेत थांबायला सवड नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: थेट सीएनसीच का घेऊ नये? 6 मिलिमीटरच्या ड्रिलला अ‍ॅल्युमिनियममध्ये मिनिटाला 60 मीटर वेग धरला तर सुमारे 3200 फेरे येतात. माइल्ड स्टीलमध्ये 25 मीटर धरले तर 1300. हा फरक हातचाक फिरवताना आवाजावरून, चिपांवरून आणि हाताला लागणाऱ्या जोरावरून अंगी मुरतो. तो न मुरलेला विद्यार्थी सीएनसीलाही चुकीचाच आकडा देणार, आणि तिथे कटर मोडेपर्यंत हाताला काही जाणवत नाही. म्हणून सीएनसी यावे, पण नंतर.

लेथची गरज मी नाकारत नाही. चाकाचा हब, मोटरच्या शाफ्टला बसणारे खास कपलिंग यांसाठी तो दुसऱ्या खरेदीत घ्यावा. मात्र पहिल्या रकमेतला मोठा वाटा मशीन व्हाइस, कोलेट, पॅरलल, एंड मिल, टॅप, व्हर्नियर आणि हाइट गेज यांसाठी राखावा. तेवढे पैसे उरत नसतील तर रीडआउट मागाहून बसवावा. पण हलक्या बांध्याचे यंत्र घेऊ नये, कारण कटर थरथरला की माप गेलेच. अपघाताची भीती दाखवून यंत्रे टाळणाऱ्यांनी त्यांच्या जागी काय येते ते पाहावे. बहुतेक वेळा हातातला अँगल ग्राइंडर येतो. अ‍ॅल्युमिनियम साध्या ग्राइंडिंग चाकावर घासले की धातू चाकाच्या छिद्रांत भरतो, चाक तापते आणि फुटूही शकते. त्यापेक्षा व्हाइसमध्ये घट्ट आवळलेला जॉब, कटरभोवतीचे गार्ड, हाताशी असलेले तातडीचे बंद बटण, डोळ्यांवर चष्मा आणि फिरत्या कटरजवळ हातमोजे न घालण्याचा सक्त नियम, ही व्यवस्था कितीतरी पटींनी भरवशाची आहे.