बर्फातला माग

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्यासाठी भाषणाचे विषय मागवले, तेव्हा मी ‘कॅनडातील माझे अनुभव’ असा सुरक्षित विषय कळवला होता. आपल्या वर्गातल्या एकाने ग्रुपवर लगेच उत्तर दिलं, “पगार, बर्फ आणि मुलांचं मराठी सोडून काहीतरी सांग.” पगार आणि मराठी सोडतो, पण बर्फ काही सोडता येणार नाही. कारण मी आज सांगणार आहे ते मूस नावाच्या प्राण्याबद्दल. हंगाम संपत आल्यावर, कडाक्याच्या थंडीत, बर्फावर माग काढत त्याची शिकार कशी करतात त्याबद्दल. आपल्यातल्या माळकरी मंडळींना आधीच सांगून ठेवतो, या भाषणात रक्त अगदी थोडं आहे, पायपीट फार आहे.

मी स्वतः शिकारी नाही. माझ्याकडे बंदुकीचा परवानाही नाही. मी राहतो ते थंडर बे हे गाव कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, लेक सुपीरियर या प्रचंड सरोवराच्या काठी आहे. तिथे फिनलंडहून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. माझे शेजारी त्यांच्यापैकीच, आता सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याबरोबर मी पाच-सहा हिवाळे रानात गेलो ते ओझी वाहायला आणि सोबत म्हणून. त्यामुळे आज जे सांगतो ते सगळं त्यांच्या मागे चालताना पाहिलेलं आहे.

‘मूस’ म्हटल्यावर आपल्याला सोनाराची मूस आठवते. ही ती मूस नव्हे, हा तो मूस! तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधून हा शब्द इंग्रजीत गेला. हरणांच्या कुळातला हा सगळ्यात मोठा प्राणी. आपल्याकडचा मोठा सांबर नर अडीचशे-तीनशे किलोचा, तर मूसचा नर साडेचारशे-पाचशे किलोचा सहज भरतो. खांद्यापाशीच तो माणसाच्या उंचीचा असतो. पाय इतके लांब, की दोन फूट बर्फातूनही तो आरामात चालतो. आपल्या भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर खडूने त्रिकोणी झाडं काढून ‘सूचिपर्णी अरण्ये, तैगा’ असं लिहिलं होतं, त्या त्रिकोणांमध्ये हा राहतो.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, आणि ते योग्यच आहे. तिथे मात्र सरकार हिवाळ्यात विमानातून मूसची गणती करतं आणि त्यावरून कुठल्या भागात किती नर, किती माद्या मारू द्यायच्या ते ठरवतं. मी सांगतो त्या काळात मोठ्या जनावराचा परवाना सोडतीने मिळे. म्हाडाच्या घरासारखी सोडत! अर्ज करायचा आणि वाट बघायची. माझ्या शेजाऱ्यांना एकदा तर चार वर्षं नंबर लागला नव्हता.

बहुतेक शिकारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जातात. तो मूसचा माजाचा काळ असतो. मादीसारखा आवाज काढला तर नर आपणहून पुढे येतो. डिसेंबरमध्ये यातलं काही चालत नाही. माजात उपाशी राहून वाळलेला नर आता एकच काम करतो. खायचं, आणि बसून रवंथ करायचं. थंडी वाढली की तो हालचाल कमी करतो. त्याला थंडीचा त्रास नाही, उलट हिवाळ्याच्या दाट केसांत त्याला शून्याखाली पाच अंशांच्या वर उकडायला लागतं, असं शास्त्रज्ञांनी मोजून ठेवलं आहे. म्हणजे आपण गारठून मरतो तेव्हा तो सुखात असतो. तो तुमच्याकडे येत नाही, तुम्हालाच त्याच्याकडे जावं लागतं. आणि जायला रस्ता एकच, त्याचा माग.

माग वाचणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ठसा दिसला की पहिला प्रश्न, कधीचा? शेजारी हातमोजा काढून ठशात बोट घालतात. पायाने विस्कटलेला बर्फ थोड्या वेळाने गोठून घट्ट होतो. कडा भुसभुशीत असतील तर ठसा ताजा, बोट टणक बर्फाला लागलं तर जुना. दुसरा प्रश्न, कुठे चालला आहे? चालताना पायाने उडालेला बर्फ पुढच्या बाजूला पडलेला असतो. तिसरा, नर की मादी? मादीची लघवी मागच्या पायांच्या ठशांच्या मागे पडते, नराची ठशांच्या मधोमध. सोबत वासराचे छोटे ठसे असतील तर विचारायलाच नको.

मग खाल्लेल्या फांद्या. सशाने कुरतडलेली काडी चाकूने तिरकी कापल्यासारखी दिसते. मूसला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून तो वाळुंजाची फांदी ओढून तोडतो आणि तिचं टोक फाटकं राहतं. आपल्या डोक्याच्या वर हात नेला तरी पोचणार नाही इतक्या उंचीवर फाटकी टोकं दिसली, की खाणारा कोण ते कळलं. लेंड्या खारकेएवढ्या असतात आणि फोडल्या तर आत नुसता लाकडाचा भुसा. बसलेली जागा गोठ्यात बैल बसून उठल्यासारखी खोलगट असते. अंगाच्या उबेने वितळलेला बर्फ पुन्हा गोठून काचेसारखा झाला असेल तर जनावर केव्हाच गेलं. मऊ असेल तर आवाज न करता उभं राहायचं.

आता खरी गंमत. बर्फात माग इतका स्पष्ट असतो, की लहान मूलही त्यावरून चालत जाईल. आणि तसं चालत गेलेल्याला मूस दिसत नाही. कारण बसण्याआधी तो आपल्याच मागाला वळसा घालतो, जिकडे वारा वाहत जातो त्या बाजूला थोडा मागे येतो आणि तिथे बसतो. मागावरून येणाऱ्याचा वास वारा त्याच्या नाकापर्यंत आणून पोचवतो. तुम्ही पोचेपर्यंत तो उठून गेलेला असतो.

अलास्कातल्या ग्विचिन लोकांनी यावर उपाय शोधला होता. रिचर्ड नेल्सन या मानवशास्त्रज्ञाने त्यांच्याबरोबर राहून १९७३ साली पुस्तक लिहिलं, त्यात तो नोंदलेला आहे. माझे शेजारीही तसेच चालतात. ताजा माग मिळाला की माग सोडायचा. वारा जातो त्या बाजूला दूर जाऊन अर्धवर्तुळ घेत पुढे पुन्हा मागाला येऊन टेकायचं. इंग्रजी ‘डी’ अक्षर डोळ्यांसमोर आणा. सरळ रेघ म्हणजे मूसचा माग, पोट म्हणजे आपली वाट. माग आहे? पुन्हा बाहेर, पुन्हा अर्धवर्तुळ. असं करत करत एकदा आपण येऊन बघतो तर माग नाही. म्हणजे तो वळला. म्हणजे आता तो आपल्या मागे राहिला आहे. मग उलट दिशेने लहान लहान अर्धवर्तुळं घ्यायची, एकेक पाऊल मोजून. एका मैलाचे तीन मैल होतात.

त्यात थंडी. उणे पंचवीसला वारा पडलेला असेल तर पायाखाली बर्फ इतका करकरतो, की मूसला लांबूनच कळतं. म्हणून अशा दिवशी घरी बसायचं आणि वाऱ्याची वाट बघायची. फांद्या हलायला लागल्या की आपला आवाज त्यात बुडतो. भराभर चालायचं नाही, कारण घाम आला आणि मग थांबलो तर तोच घाम अंगावर गार होतो. सुती कपडा अंगावर नको, लोकरच हवी. रायफलमधलं तेल आधी पुसून टाकायचं, नाहीतर ते गोठून घट्ट होतं. रात्री रायफल उबदार खोलीत आणायची नाही, नाहीतर तिच्यावर पाणी धरतं आणि सकाळी त्याचा बर्फ होतो. सोबत्याच्या नाका-गालावर पांढरा डाग दिसला तर लगेच सांगायचं. हे शेवटचं काम माझ्याकडे असे.

दोनदा मी त्यांना मूस मिळालेला पाहिला आहे. गोळीचं काम एका क्षणात संपतं आणि खरं काम तिथून सुरू होतं. एवढ्या थंडीत मांस आपोआप टिकेल असं आपल्याला वाटतं. टिकत नाही. त्या जाड कातड्याखाली ऊब तशीच कोंडून राहते आणि रात्रभरात मांडीच्या हाडाजवळचं मांस आंबतं. म्हणून लगेच पोट उघडायचं, कातडं सोडवायचं, तुकडे करायचे. मग घसरगाडीवर लादून दोनशे किलोच्या वर मांस ओढत रस्त्यापर्यंत आणायचं. त्या मांसावर त्यांच्या घरचा हिवाळा निघतो, आणि शेजारपाजारी वाटाही जातो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की पुढचा दिवस तुम्हाला नीट कळावा.

डिसेंबर २०१३. हंगाम संपायला चार दिवस उरले होते. त्या वर्षी त्यांचा नंबर लागला होता, तोही तीन वर्षांनी. सकाळी उणे सत्तावीस, पण वारा चांगला होता. साडेनऊला ताजा माग मिळाला, एकट्या नराचा. दिवस तिथे त्या महिन्यात जेमतेम साडेआठ तासांचा. आम्ही अर्धवर्तुळं घेत राहिलो. दुपारी तीननंतर माग नाहीसा झाला. शेजाऱ्यांनी माझ्याकडे बघून बोटाने मागे खूण केली. आणखी तासाभराने एका तळ्याच्या काठाशी आलो. बीव्हर नावाचे प्राणी ओढ्याला बांध घालून असं तळं करतात. पलीकडच्या काठावर, दीडशे मीटरवर, तो उभा होता. एक शिंग गळून पडलेलं, एक डोक्यावर. पूर्ण आडवा. आमचा वास त्याला लागलेला नव्हता.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी घालायला कायद्याने परवानगी आहे. वेळ होता. त्यांनी रायफल खांद्याला लावली. मी श्वास रोखला, आणि खरं सांगतो, माझ्या मनात ‘मारा’ एवढा एकच शब्द होता. त्यांनी दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं, आणि रायफल खाली घेतली.

मूस थोड्या वेळाने झाडीत गेला. मग त्यांनी मला तळ्याकडे बोट दाखवलं. बीव्हरच्या घराभोवती बर्फ पातळ राहतो. पलीकडे जायला वळसा घालावा लागला असता, अंधारात. नुसता जखमी होऊन पळाला असता तर रात्री त्याला शोधणार कोण? पडला असता, तरी दोघांनी उणे सत्तावीसमध्ये रात्रभर कापत बसायचं, त्यातला एक भूगोलात पास झालेला पण हातमोजा काढायला घाबरणारा. नाहीतर जनावर तसंच टाकून सकाळी आंबलेलं मांस बघायचं. हे सगळं त्यांनी त्या दुर्बिणीतून पाहिलं होतं. मला फक्त मूस दिसत होता.

घरी पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नीने दारातच विचारलं, “काय?” ते म्हणाले, “बर्फ पातळ होता.” त्या बरं म्हणाल्या आणि सूप गरम करायला गेल्या. पुढचे तीन दिवस वारा पडलेला होता. हंगाम संपला. त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे दुकानातलं मांस आलं, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून मी एकदाही हळहळ ऐकली नाही.

मित्रांनो, आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. माग काढण्यात आपलं पुष्कळ आयुष्य गेलं, कुणाचा नोकरीचा, कुणाचा घराचा, कुणाचा मुलांच्या प्रवेशाचा. समोर आलेलं सोडून देणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. एक पाहिला, तो तुम्हाला सांगावासा वाटला.

आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. हंगाम संपला की जानेवारीत मी एकटाच अधूनमधून ताज्या मागावर जातो, त्यांनी शिकवलेली अर्धवर्तुळं घेत. कधी मूस दिसतो, बहुतेकदा दिसत नाही. परत आलो की त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ठसे कसे होते ते सांगावं लागतं, आणि बोट घालून पाहिलं का, हा प्रश्न ठरलेला असतो.

ठशांचे फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. ज्यांना बघायचे असतील त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्या पंगतीला या. बाई, तुम्हाला आधी दाखवतो.