मुलांच्या गणिताशेजारी बसू या



आपल्या बिदर-कलबुर्गीकडे घरात मराठी आणि शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी. मुलं वरच्या वर्गात गेली, की आपण त्यांच्या गणिताच्या वहीपासून लांब होतो. तसं व्हायचं कारण नाही. कोन, त्रिज्या हे शब्द कन्नडातही तेच आहेत.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर तयार करायला घेतलं. शिकण्या-शिकवण्यासाठी ते विनामूल्य आहे आणि मोबाइलवरही चालतं. मुलांना शेजारी घेऊन त्यावर एक त्रिकोण काढू या, तिन्ही कोन मोजू या. मग एक शिरोबिंदू बोटाने ओढायचा. कोन बदलतात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. असं का, हे मुलांना विचारू या. पडद्यावर दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. सिद्धता वहीतच लिहायची.

अडलं तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’चे छोटे पाठ मराठीत आहेत, कन्नडमध्येही आहेत. आपण आपल्या भाषेत ऐकू, मुलं त्यांच्या शाळेच्या भाषेत ऐकतील. रोज आरतीनंतर अर्धा तास यासाठी काढायचा, एवढा संकल्प विद्येच्या देवतेसमोर करू या.